केनियातल्या शाळेला ४० टॅबलेट दिले तर निकाल सुधारेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नैरोबीतल्या नऊ मराठी कुटुंबांनी वर्गणी काढून किटुई काउंटीतल्या एका सरकारी डे-सेकंडरी शाळेला ४० टॅबलेट द्यायचं ठरवलं आहे. शाळेचा गणित-विज्ञानाचा निकाल फार कमी लागतो. टॅबलेटने तो सुधारेल का, आणि घ्यायचेच झाले तर काय बघून घ्यावेत? सोबत एक उपप्रश्नही आहे, की आता एआय आलंय, तर थेट तेच मुलांच्या हातात का देऊ नये.

मी बावीस वर्षं केनियात आहे. पहिली नऊ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, नंतर केनिया, मलावी आणि घाना इथल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. त्या अनुभवावरून सरळ सांगते. नुसते टॅबलेट दिल्याने निकाल सुधारणार नाही. पण कोणतं मूल कुठे अडलंय हे टॅबलेटमुळे शिक्षकाला दिसायला लागलं, आणि त्या मुलासाठी धडा थांबायला लागला, तर सुधारू शकतो. तुमचा पैसा त्या 'दिसण्या'वर आणि 'थांबण्या'वर खर्च व्हायला हवा.

आधी वर्ग कसा असतो ते बघा. फॉर्म ३ च्या, म्हणजे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाच्या, एका वर्गात पन्नास-पंचावन्न मुलं. शिक्षक फळ्यावर वर्गसमीकरण सोडवतोय. मुलं सुवाच्य अक्षरात, शीर्षकाखाली पट्टीने रेघ मारून, सगळं उतरवून घेतायत. वह्या चाळल्या तर वाटेल, वर्ग हुशार आहे. मग त्याच मुलांना उणे ३ वजा ५ किती विचारा. निम्मा वर्ग मोठ्याने "आठ!" म्हणतो, कारण 'दोन उणे मिळून अधिक' एवढंच डोक्यात राहिलंय. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, हे उत्तर तर मी इतक्या शाळांत ऐकलंय की आता ऐकण्याआधीच कळतं. ही मुलं आळशी नाहीत. पाचवी-सहावीत एका पायरीवर अडली, तिथे कोणी थांबलं नाही, आणि अभ्यासक्रम पुढे निघून गेला. यातल्या कित्येक मुली घरून पहाटे पाणी भरून, चार-पाच किलोमीटर चालून शाळेत येतात. त्यांना वर्गसमीकरणाचा सुंदर व्हिडिओ दाखवला तर तीही फळ्यासारखीच उतरवून घेण्याची गोष्ट होते.

याचं सर्वांत मोठं उदाहरण इथिओपियाचं आहे. २००४ पासून त्या देशाने माध्यमिक शाळांच्या वर्गावर्गांत प्लाझ्मा टीव्ही बसवले. नववी ते बारावीचे गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजीचे धडे उपग्रहावरून एकाच वेळी देशभर दिसायचे. धडे दक्षिण आफ्रिकेत तयार केलेले, इंग्रजीतले. हेतू चांगला होता. चांगल्या शिक्षकांचा तुटवडा होता आणि खेड्यातल्या मुलालाही राजधानीतल्या मुलासारखाच धडा मिळावा असं सरकारला वाटत होतं. पण प्रक्षेपण थांबवता येत नव्हतं. तासाच्या सुरुवातीला काही मिनिटं शिक्षकाची, शेवटी काही मिनिटं शिक्षकाची, मधला सगळा वेळ पडद्याचा. पडद्यावरची व्यक्ती प्रश्न विचारायची, ठरलेले सेकंद वाट पाहायची आणि उत्तर सांगून पुढे जायची. अनोळखी उच्चारातलं इंग्रजी समजून घेईपर्यंत पुढची पायरी आलेली असायची. वीज गेली तर तो धडा गेलाच. शिक्षक मात्र वर्गात असूनही टीव्ही चालू-बंद करणारा माणूस झाला. मुलांचा चेहरा वाचून "थांबा, हे परत बघू" म्हणणं हे शिक्षकाचं सर्वांत मोलाचं काम, तेच त्याच्या हातातून गेलं. याबद्दल इथिओपियातल्याच अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे.

आता जिथे फरक पडला ती उदाहरणं. त्याआधी आकड्यांची एक खूण सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. संशोधक परिणाम प्रमाण विचलनात मोजतात. गुणांच्या क्रमाने शंभर मुलं रांगेत उभी केली आणि मधोमध उभं असलेलं मूल घेतलं, तर ०.१ चा परिणाम म्हणजे ते मूल चारेक जागा पुढे सरकलं, ०.३ म्हणजे बारा, ०.६ च्या जवळ म्हणजे बावीसेक जागा.

गाम्बिया हा पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश. तिथल्या काही माध्यमिक शाळांत अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून आलेली एक गणित-विज्ञान शिकवण्याची पद्धत सुरू झाली. स्मार्टबोर्डवर तयार धडा, पण छोट्या छोट्या तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न, आणि मुलांनी हातातल्या छोट्या रिमोटवर उत्तराचं बटण दाबायचं. पंचावन्नपैकी किती जणांचं चुकलं हे शिक्षकाला तिथल्या तिथे दिसतं. मुलं गटात बसून वाद घालतात, मग पुढचा तुकडा. जागतिक बँकेच्या २०२० च्या अभ्यासात या शाळांतल्या मुलांचे गणिताचे गुण ०.५९ ने वाढलेले दिसले, आणि गणित व इंग्रजी दोन्हींत महाविद्यालय-प्रवेशाला लागणारे क्रेडिट मिळवणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्के-बिंदूंनी वाढून तिप्पट झालं. प्रायोगिक शाळा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, त्यामुळे अभ्यासकांना तुलनेसाठी सारखी मुलं शोधून जुळवावी लागली. हा आकडा त्या भानाने घ्यायचा. आणि तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं हे, की फायदा मुख्यतः आधीपासून पुढे असलेल्या मुलांना झाला. धडा वर्गासाठी थांबत होता, पण पाचवीत अडलेल्या मुलासाठी पाचवीपर्यंत मागे जात नव्हता.

मागे जाण्याचं काम घानात झालेलं मी जवळून पाहिलं. रायझिंग अकॅडमीज ही शाळांची साखळी 'रोरी' नावाचा गणिताचा शिकवणीदार व्हॉट्सॲपवर चालवते. तिसरी ते नववीची मुलं आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शाळेतच, शाळेच्या देखरेखीखाली फोनवर गणितं सोडवतात. रोरी मुलाच्या पातळीचा प्रश्न देतो, चुकलं तर उत्तराची वाट समजावतो, आणि मूल दहा मिनिटं विचार करत बसलं तरी कंटाळत नाही. सुमारे हजार मुलांच्या अभ्यासात ०.३७ चा परिणाम आला. आठवड्याला एक तास, साधा फोन, कमी डेटा. हे वाचून मी हरखून गेले होते, आजही मला तो प्रयोग फार जवळचा वाटतो. फक्त लक्षात घ्या, ही मुलं तुमच्या मुलांपेक्षा लहान आहेत, आणि तो तास वेळापत्रकात पक्का होता.

हे तत्त्व आपल्याकडचंही आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम'ने मुलांना इयत्तेनुसार न बसवता पातळीनुसार बसवायला सुरुवात केली. आज झांबिया आणि बोत्स्वानातल्या शाळांत ती पद्धत चालते, आणि तिथे बहुतेक वेळा खडू, काड्या आणि अंकांची कार्डं एवढंच साहित्य असतं.

एआयबद्दल विचारलंत म्हणून नायजेरियाचं सांगते. २०२४ च्या जून-जुलैमध्ये एडो राज्यातल्या बेनिन सिटीत सरकारी शाळांतल्या सीनियर सेकंडरीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग झाला. शाळा सुटल्यावर मुलं जोडीने संगणकावर बसून मायक्रोसॉफ्ट कोपायलट या एआय चॅटबॉटशी इंग्रजीचा अभ्यास करायची. चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं आणि न निवडलेली मुलं यांची तुलना जागतिक बँकेने केली. एकूण परिणाम ०.३ च्या आसपास, नुसत्या इंग्रजीत ०.२३. मुलींना जास्त फायदा झाला. जे जास्त दिवस आले त्यांची प्रगती जास्त, आणि पूर, शिक्षकांचा संप, शाळेनंतरची कामं यामुळे अनेकांचे दिवस बुडाले. पण वर्गात मुलं आणि चॅटबॉट एवढेच नव्हते. प्रत्येक सत्राचा विषय आणि सुरुवातीचा प्रश्न आधी तयार केलेला होता, शिक्षक फिरून बघत होते, चुकीच्या वाटेला गेलेल्या जोडीला परत आणत होते. तसा शिक्षक असेल तर एआय जरूर वापरा. नसेल तर मुलं गृहपाठ टाकून उत्तर उतरवून घेतील, आणि आपण पुन्हा त्या सुबक वह्यांपाशी येऊ.

मलावीचा प्रयोग मला सर्वांत आवडतो, कारण तो फार साधा आहे. सरकारी निवासी माध्यमिक शाळांत मुलांना मोबाईल आणायला बंदी. अभ्यासकांनी तिथे एका खोलीत स्मार्टफोन ठेवले, त्यावर इंटरनेटचा एकच कोपरा उघडा ठेवला, विकिपीडिया. चिठ्ठीत नाव निघालेल्या मुलांनी तिथे बसून वाटेल ते वाचायचं. मुलांनी बातम्या वाचल्या, शरीराबद्दल जे कोणाला विचारता येत नाही ते वाचलं, जीवशास्त्राचा अभ्यास केला. इंग्रजीच्या परीक्षेत ०.१० ने वाढ, मागे असलेल्या मुलांत ०.२०, आणि याच मुलांच्या जीवशास्त्रात ०.१४. ज्या शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पाठ्यपुस्तकं सोडून वाचायला काही नाही, तिथे मोहक पण मर्यादित वाचन दिलं की मूल स्वतःच्या गतीने वाचतं, अडेल तिथे थांबतं, आवडेल तिथे पुढे जातं. सगळं इंटरनेट उघडं असतं तर हे झालं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि बोत्स्वाना. कोविडमध्ये शाळा बंद असताना काही घरांना आठवड्याला गणिताचा एसएमएस गेला, काहींना एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसने काही झालं नाही. फोनने ०.१२ चा फरक पडला. मुलं प्राथमिकची होती, पण तुमच्यासाठी त्यातलं मर्म तेच, फोनवरचा माणूस विचारतो, "कुठे अडलं?"

आता किटुईकडे येऊ.

४० टॅबलेटची संख्या मी कमी करेन. ३० घ्या. दोन मुलांत एक असा वर्ग चालतो, आणि जोडीने बसलेली मुलं एकमेकांना समजावतात, हे मी कितीदा पाहिलंय. जोड्या शिक्षकाने लावायच्या. मिश्र शाळेत मुलांना मोकळं सोडलं तर टॅबलेट मुलाच्या हातात आणि मुलगी शेजारून बघणार, हे दहा मिनिटांत घडतं. दर पंधरा मिनिटांनी हात बदलायचा, असा नियमच करा.

एकूण वर्गणीतला चाळीस टक्क्यांहून जास्त पैसा उपकरणांवर घालू नका. उरलेल्यात शाळेतला छोटा सर्व्हर, चांगला वायफाय ॲक्सेस पॉइंट (घरगुती राउटर तीस उपकरणं एकदम आली की मान टाकतो), चार्जिंगचं कुलूपबंद कपाट, शिक्षकांचं प्रशिक्षण, आणि दोन वर्षं दर महिन्याला येऊन वर्गात बसणारा एक माणूस. या शेवटच्या खर्चावर दाते सर्वांत आधी काट मारतात, आणि माझ्या अनुभवात प्रकल्प तिथेच मरतो.

इंटरनेटच्या मागे लागू नका. 'कोलिब्री' हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या स्वस्त छोट्या संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवर चालतं, खान अकॅडमीचे धडे आणि सराव त्यात ऑफलाइन मिळतात. मी त्याची शिफारस एका खास कारणासाठी करते. शिक्षकाच्या पडद्यावर कोणत्या मुलाला कोणत्या सरावात मदत हवी आहे, ते दिसतं. शिक्षकाला त्या एका पानाची सवय लावा, बाकी सगळं हळूहळू शिकता येतं. विज्ञानासाठी 'फेट'ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, घाला, कारण अनेक डे-स्कूलमध्ये ॲमीटर दोनच असतात आणि ते परीक्षेसाठी जपून ठेवलेले असतात. वाचनासाठी किविक्सवर ऑफलाइन विकिपीडिया.

वीज ही अडचण लोकांना वाटते तेवढी मोठी नाही. तीस टॅबलेट पूर्ण चार्ज करायला साधारण एक युनिट पुरतं. अडचण असते ती प्लग कुठे लावायचे, कोणी लावायचे आणि किल्ली कोणाकडे, याची. मी एका शाळेत गेले होते, तिथे दान मिळालेले टॅबलेट प्राचार्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होते. दीड वर्ष झालेलं, खोक्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मला आधी राग आला. मग तिथला गणिताचा तरुण शिक्षक हळूच म्हणाला, "मॅडम, एक हरवला तर माझ्या पगारातून कापतील." त्याचं बरोबर होतं, कारण तसं नाही असं कोणी लिहून दिलं नव्हतं. म्हणून देणगीपत्रातच स्पष्ट लिहा की वापरताना फुटलं किंवा हरवलं तर भरपाई कोणत्याही शिक्षकाने किंवा मुलाने द्यायची नाही, आणि तीन-चार जास्तीचे टॅबलेट त्यासाठी बाजूला ठेवा. हा एक कागद कपाट उघडतो.

एकाच उत्साही शिक्षकावर भिस्त ठेवू नका. सरकारी शिक्षकांची नेमणूक करणारं टीचर्स सर्व्हिस कमिशन बदली करतं, आणि शाळेच्या बोर्डाने नेमलेले शिक्षक बरी नोकरी मिळाली की जातात. कमीत कमी तिघांना तयार करा, त्यात एक बाई असू दे, आणि उपप्राचार्यांना सुरुवातीपासून बरोबर घ्या, कारण वेळापत्रक त्यांच्या हातात असतं. वेळापत्रकाबद्दल मी हट्टी आहे. टॅबलेटचे आठवड्याला दोन तास, दिवसाच्या मध्यात, नेमलेल्या खोलीत. 'शाळा सुटल्यावर' ठेवलंत तर दूरच्या वाड्यांतल्या मुली येणार नाहीत, कारण त्यांना अंधारापूर्वी घर गाठायचं असतं आणि घरी काम वाट पाहत असतं.

कोणत्या वर्गाला द्यायचं? फॉर्म ४ ला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, देऊ नका. प्राचार्य तेच मागतील, कारण त्यांच्या डोक्यावर केसीएसईची, म्हणजे माध्यमिकच्या शेवटच्या राष्ट्रीय परीक्षेची, टांगती तलवार आहे. पण तो वर्ग मॉक आणि जुन्या प्रश्नपत्रिकांत बुडालेला असतो, पाचवीचे अपूर्णांक दुरुस्त करायला त्याला उसंत नाही. शिवाय आता पद्धत बदलते आहे. जुन्या ८-४-४ पद्धतीची (आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) शेवटची तुकडी २०२७ मध्ये केसीएसई देईल, त्यांच्या मागून नव्या अभ्यासक्रमाची दहावी आली आहे. सुरुवात दहावीपासून करा. त्या मुलांपाशी तीन वर्षं आहेत.

निकाल मोजण्याबद्दल सावध राहा. केसीएसईचा सरासरी ग्रेड हा तुमच्या टॅबलेटचा न्याय करू शकत नाही. २०१५ मध्ये देशभरात अडीच हजारांवर मुलांना 'ए' मिळाला होता, २०१६ मध्ये १४१ जणांना. मुलं एका वर्षात मठ्ठ झाली नव्हती, पेपरफुटी आणि कॉपीविरुद्ध परीक्षेचा कारभार कडक झाला होता. अशा मोजपट्टीवर एका शाळेतला बदल दिसत नाही. तुम्ही स्वतःची चाचणी घ्या. पाचवी ते आठवीच्या पातळीचे वीस प्रश्न, त्यात ऋण संख्या, अपूर्णांक, टक्केवारी, कंस सोडवणं, आलेख वाचणं आणि साध्या इंग्रजीतली दोन शाब्दिक उदाहरणं. टॅबलेट येण्याआधी एकदा, मग दर टर्मच्या शेवटी त्याच पातळीची नवी चाचणी. दहावीच्या दोन तुकड्या असतील तर पहिलं वर्ष एकीलाच द्या, चिठ्ठी टाकून, सगळ्यांसमोर. दुसरीला पुढच्या वर्षी मिळणार, हेही त्याच दिवशी सांगा. थोडं कठोर वाटतं, पण तीस टॅबलेट दोन्हीकडे फिरवून कोणालाच पुरेसा तास न मिळण्यापेक्षा हे बरं, आणि फरक पडला का हेही कळतं.

एक गोष्ट राहिली, भाषेची. धडे इंग्रजीत असतील, पण मुलं आपसांत किकांबा आणि किस्वाहिलीत समजावतील. त्यांना अडवू नका, शिक्षकांनाही तसं सांगा. काही शाळांत 'इंग्रजीच बोला' असा दंडक असतो. या दोन तासांपुरता तो बाजूला ठेवायला प्राचार्यांना विनंती करा.

टॅबलेटची ऑर्डर देण्याआधी एकदा शाळेत जा, दहावीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसा, आणि वीस प्रश्नांची ती चाचणी घ्या. पेपर कुटुंबांतल्या मोठ्या मुलांनाच तपासायला द्या, त्यांनाही आपण हे का करतोय ते कळेल. कोणते प्रश्न किती जणांचे चुकले, एवढा तक्ता मला पाठवा. कोणत्या धड्यांपासून सुरुवात करायची ते आपण त्यावरून ठरवू.